केस धुतले तरी चिकट, दर वेळी तेच? शाम्पू बदलायच्या आधी पाणी पाहा

नागपुरात कोणी नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेलं की महिना-दोन महिन्यांत एक तक्रार हमखास कानावर येते. केस धुतले, वाळले, आणि तरी हात फिरवला की चिकट लागतात, मुळाशी तेलकट, टोकाला कोरडे, कंगवा मध्येच अडकतो आणि कंगव्याच्या दातांत राखाडी-पांढरा मळ जमतो. मग शाम्पू बदलतात, दोन धुण्यांपुरतं बरं वाटतं, परत तेच. मग महागाचा शाम्पू, मग आयुर्वेदिक, मग पार्लरमध्ये स्पा, कोणी म्हणतं साबण लाव, कोणी म्हणतं शिकेकाई लाव, आणि एवढं सगळं करून चौथ्या धुण्याला गाडी पुन्हा तिथंच. नात्यात, शेजारात, ऑफिसात इतक्या जणींचं (आणि जणांचंही) हे ऐकून राहिली आहे की एकदा सगळं एका जागी लिहून टाकते, कारण तुकड्या-तुकड्यांत सांगितलं की लोक त्यातला एकच सोपा तुकडा उचलतात आणि मग म्हणतात काही फरक पडला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. त्रास पुन्हा पुन्हा येतो याचा अर्थ तुम्ही जी गोष्ट बदलताय ती कारण नाहीये. बाटली बदलते, पाणी तेच राहतं.

पाणी कुठलं, हे आधी विचारा

आपल्याकडे महापालिकेच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः पेंचचं, म्हणजे नवेगाव खैरीच्या धरणातलं, आणि काही भागांत कन्हान नदीचं. धरण-नदीचं हे पाणी शुद्ध होऊन येतं आणि त्यात केस धुताना सहसा कुरकूर नसते. पण शहर जसं बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, वर्धा रोड असं पसरत गेलं तशा कितीतरी फ्लॅट स्कीम बोअरच्या भरवशावर उभ्या राहिल्या. कुठे पिण्यापुरता नळ आणि बाथरूमला बोअर, कुठे दोन्ही एकाच टाकीत मिसळलेलं, कुठे एप्रिल लागला की टँकर, आणि टँकरवाला कुठल्या विहिरीतून भरून आणतो ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून सोसायटीत जो पंप चालू-बंद करतो त्यालाच विचारा की वरच्या टाकीत नेमकं काय चढतं, त्याला सगळं माहीत असतं.

बोअरचं पाणी खडकातून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून सोबत आणतं, यालाच आपण जड पाणी म्हणतो. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथंच लोक फसतात. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत एकूण कठीणपणा, म्हणजे टोटल हार्डनेस, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलंय. म्हणजे ५०० चं पाणी असलं तरी दुसरा स्रोत नाही म्हणून ते मर्यादेत बसतं, सोसायटीचा सेक्रेटरी तो रिपोर्ट दाखवून सांगतो पाणी एकदम ओके आहे, तो खोटं बोलत नाहीये, आणि तरी तुमच्या केसांसाठी ते पाणी जडच आहे. रिपोर्ट मागितला तर त्यात टोटल हार्डनेसचा आकडा पाहा. टीडीएसचा आकडा वेगळा, त्यात मीठ-बीठ सगळेच क्षार मोजले जातात, नुसत्या टीडीएस मीटरवरून केसांचा निकाल लावू नका.

रिपोर्ट नसेल तरी चालतं, घरातच चार ठिकाणी पुरावा सापडतो. कूलर काढायची वेळ आली की मागच्या वर्षीच्या ताट्या पाहा, गवत पांढरं होऊन कडक झालं असेल आणि टाकीच्या तळाला चुन्याची पापडी असेल तर उत्तर तिथंच मिळालं. पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा थर, स्टीलच्या नळावर न जाणारे डाग, आणि तुरीची डाळ कुकरच्या नेहमीच्या शिट्ट्यांत न शिजणं, हीसुद्धा त्याच पाण्याची लक्षणं. डाळीचं तर आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आल्या, नवीन गावात गेलं की पहिल्या दिवशीच्या वरणावरून पाणी कसं आहे ते कळायचं.

तरी खात्री हवी असेल तर बाटलीची टेस्ट करा, पाच मिनिटांचं काम आहे. दोन रिकाम्या पारदर्शक बाटल्या घ्या, एकीत बाथरूमचं पाणी अर्ध्यापर्यंत, दुसरीत आरओचं पिण्याचं पाणी तेवढंच. साध्या अंगाच्या साबणाचा चाकूनं थोडासा कीस काढा, दोन्हीत सारखाच टाका, झाकण लावा आणि चांगलं हलवा. आरओच्या बाटलीत वर जाड फेस उभा राहील आणि बराच वेळ टिकेल. बाथरूमचं पाणी जड असेल तर फेस येतो-न येतो तोच बसतो, पाणी दुधाळ होतं आणि पाहता पाहता वर पांढरे कण तरंगायला लागतात. बोटावर घेऊन पाहा तो कण, मऊ, चिकट, आणि नुसत्या पाण्यानं धुतला तरी निघत नाही. हेच तुमच्या डोक्यावर बसलेलं असतं. शाम्पू टाकून ही टेस्ट करू नका, शाम्पूला जड पाण्यातही बऱ्यापैकी फेस येतो, काही कळणार नाही.

आणि सगळ्यात पक्की टेस्ट म्हणजे एक आंघोळ. पाण्याचा वीस लिटरचा जार मागवा, नाहीतर बहिणीकडे, मावशीकडे जिथं पक्कं नळाचं पाणी आहे तिथं जाऊन डोकं धुवा, शाम्पू मात्र तुमचा रोजचाच घ्या. एकाच धुण्यात केस हलके वाटले तर दोष पाण्याचा. काहीच फरक नाही पडला तर घाई करू नका, जुने थर एका धुण्यात जात नाहीत, खाली दिलेलं थर काढणारं धुणं एकदा करून मग परत तपासा.

हे होतं का

साबण म्हणजे तेलाचा क्षार. जड पाण्यातल्या कॅल्शियमला तो भेटला की न विरघळणारा चिकटा तयार होतो, तोच बाटलीतला पांढरा कण, आणि तो केसाला धरून बसतो. दुसरं म्हणजे साबण अल्कली, पीएच साधारण ९-१०, आणि डोक्याची त्वचा ५.५ च्या आसपास. अल्कलीत केसावरचे बारीक खवले उघडतात, एकमेकांत अडकतात, म्हणून गुंता. त्यातून ओल्या केसावर ऋण भार असतो आणि कॅल्शियमवर धन, म्हणजे साबण नसला तरी नुसतं पाणीसुद्धा थोडं थोडं कॅल्शियम केसावर ठेवून जातं. एका धुण्यात कळत नाही, महिन्याभरात कळतं. नवीन घरात गेल्यावर लगेच नाही, महिन्या-दोन महिन्यांनी तक्रार येते ती यामुळे.

ज्या पुरुषांना वाटतं हा बायकांचा विषय आहे त्यांनी इथं जरा थांबा. अंगाचाच साबण डोक्याला फासून दोन मिनिटांत आंघोळ उरकणारे घरोघरी आहेत आणि त्यातले कितीतरी जण कोंडा झाला म्हणून कोंड्याचे शाम्पू आणून राहिलेत. खांद्यावर पडतं ते बरेचदा वाळलेला साबणाचा चिकटा असतो. साबण बंद करा, महिनाभर थांबा, मग ठरवा कोंडा आहे की नाही.

आधीच्या बायका काय करत होत्या, आणि आपण त्यातलं काय सोडलं

माझी आजी अकोल्याकडची, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातली. अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं, आणि तिचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं, "पानी जड हाये माय, साबन नोको लावू डोक्याले." केमिस्ट्री तिला कोणी शिकवली नव्हती पण निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. शिकेकाई आणि रिठ्यात फेस आणणारं जे द्रव्य असतं, सॅपोनिन, ते साबणासारखं कॅल्शियमशी जुळून चिकटा करत नाही, आणि त्यांचा काढा थोडा आंबट बाजूचा असतो, म्हणजे केसाचे खवले बसते राहतात. त्या पाण्याला ते चालायचं म्हणून ते टिकलं.

पण ती नुसती शिकेकाई नव्हती, पूर्ण साखळी होती. आदल्या रात्री बेतानं तेल. सकाळी शिकेकाई, तीही उकळून, गाळून. शेवटच्या लोट्यात लिंबू किंवा पातळ ताक. मग अंगणातल्या उन्हात पाठीवर केस मोकळे सोडून पूर्ण वाळेपर्यंत बसणं, मग फणी, मग वेणी. आठ-दहा दिवसांतून एकदा न्हाणं, आणि मधल्या दिवसांत केस बांधलेले, वर पदर. गावाकडे काळी माती भिजवून तिनंही डोकं धुवायचे, माती तेल ओढून घेते. कुठल्या वारी न्हायचं, कुठल्या वारी नाही याचे घराघरात वेगळे नियम होते ते आता कोणी पाळत नाही आणि त्यानं केसांचं काही बिघडलेलंही नाही.

आपण या साखळीतून काय ठेवलं तर तेल. भरपूर तेल, आणि बाकी सगळं सोडलं. मधल्या काळात साबणाच्या वड्या आल्या, मग शाम्पू आला. कृत्रिम डिटर्जंटवरचा ड्रीन नावाचा शाम्पू अमेरिकेत १९३४ मध्ये निघाला तेव्हा त्याचं मोठेपण हेच होतं की जड पाण्यात चिकटा होत नाही. आपल्याकडे १९८० च्या दशकात शाम्पूच्या छोट्या पुड्या निघाल्या आणि गावोगावच्या किराणा दुकानांत माळा लटकायला लागल्या, तेव्हा कुठे तो सामान्य घरात पोचला. मला शाम्पूबद्दल आकस नाही, उलट जड पाण्यासाठी साबणापेक्षा शाम्पू शंभर पटींनी बरा. आणि आजच्या आयुष्यात आठ दिवसांतून एकदा धुऊन भागतही नाही, रोज गाडीवर धूळ, दुपट्टा, हेल्मेट, घाम. जुनं ते सगळं चांगलं असं मी म्हणत नाहीये. पण अर्धं जुनं आणि अर्धं नवं अशी जी मोडतोड आपण करतो, म्हणजे रात्री थबथबून तेल, सकाळी अंगाचा साबण, बोअरचं पाणी, ओल्या केसांचा घट्ट अंबाडा आणि ऑफिस, त्यात दोन्हीकडचे तोटे तेवढे घरी येतात.

आता उपाय

पहिलं काम, बसलेले थर काढणं. याला क्लॅरिफायिंग किंवा हार्ड वॉटर लिहिलेला शाम्पू घ्या, आणि मागची घटकांची यादी वाचा, त्यात डायसोडियम ईडीटीए किंवा टेट्रासोडियम ईडीटीए दिसतंय का पाहा. ईडीटीए कॅल्शियमला पकडून सोबत घेऊन जातं. बऱ्याच साध्या शाम्पूतही ते थोडं असतं, म्हणून खिशाला परवडत नसेल तर खास बाटलीच्या मागे लागू नका. त्या दिवशी तेल नको. केस पूर्ण ओले करा, मगात थोडं चांगलं पाणी घेऊन त्यात शाम्पू पातळ करा, डोक्याला बोटांच्या पेरांनी लावा (नखांनी नाही), तीन-चार मिनिटं ठेवा, धुवा, परत एकदा लावा. पहिल्या वेळी फेस कमी येईल, दुसऱ्या वेळी भरपूर, म्हणजे समजायचं मळ निघाला. असं धुणं पंधरा दिवसांतून एकदाच, रोज केलं तर केस झाडूसारखे होतील.

दुसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, शेवटचं पाणी. संपूर्ण आंघोळ चांगल्या पाण्यानं करायला कोणालाच जमत नाही, गरजही नाही. पण शेवटचे एक-दोन लिटर बोअरचे नकोत. आरओचं किंवा पक्क्या नळाचं पाणी बाजूला काढून ठेवा, त्यातल्या एका लिटरमध्ये एक मोठा चमचा पांढरा व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घाला, हळूहळू सगळ्या केसांवरून जाऊ द्या, मिनिटभर थांबा, आणि उरलेल्या चांगल्या पाण्यानं धुऊन टाका. आंबट पाण्यात केसाचा ऋण भार कमी होतो, कॅल्शियमची पकड सुटते, खवले बसतात. आजीचा लिंबाचा लोटा तो हाच. पण दोन इशारे. लिंबू वापरलं तर कपाळ, मान, कान नीट धुतल्याशिवाय उन्हात जायचं नाही, लिंबाचा रस त्वचेवर राहून आपल्याकडचं ऊन लागलं तर डाग आणि फोड उठू शकतात. आणि जास्त आंबट म्हणजे जास्त चांगलं असं नाही, डोक्यावर खाजवून जखमा असतील तर ही पायरी सोडून द्या.

तिसरं, कंडिशनर. जड पाण्यात तो हवाच, पण कानाच्या खालच्या केसांना. मुळाशी लावला की तेच चिकट डोकं परत, आणि दोष पुन्हा शाम्पूवर जातो.

जे चालत नाही तेही सांगते कारण यावर पैसे फार जातात. तुरटी फिरवल्यानं गढूळ पाणी निवळतं, जडपणा जात नाही. शॉवरला लावायचे छोटे फिल्टर क्लोरीन, गाळ थोडाफार कमी करतात, कॅल्शियम बहुतेक तसंच राहतं, खरं मऊ पाणी देतो तो रेझिनचा सॉफ्टनर, ज्याला मधून मधून मिठाच्या पाण्यानं ताजं करावं लागतं, आणि तो पूर्ण स्कीमनं मिळून बसवला तर परवडतो. पाणी उकळून थंड केलं तर जडपणाचा काही भाग पातेल्याच्या तळाला पांढरा थर होऊन बसतो, वरचं निवळ पाणी अलगद घ्यायचं, पण सगळा जडपणा असा जात नाही. खायचा सोडा लावायचा जो सल्ला फिरत असतो तो मुळीच ऐकू नका, सोडा अल्कली आहे, केस आणखी खरखरीत होतील.

आणि हे खास करून लिहिते. आरओतून जे पाणी वाया जातं ते बादलीत धरून ठेवायची चांगली सवय कितीतरी घरांत आहे, फरशीला वापरा, संडासाला वापरा, पण त्या पाण्यानं केस धुवू नका. आरओनं वेगळे काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात गेलेले असतात, म्हणजे ते तुमच्या बोअरपेक्षाही जड. एका ओळखीच्या ताईंकडे सगळे उपाय करून झाले होते आणि मुलीच्या केसांचं काही केल्या जमत नव्हतं, बाथरूममधली बादली कुठून भरता विचारल्यावर हे निघालं.

तेल आणि शिकेकाईच्या वेगळ्या अडचणी

तेल लावून केस चांगले होतात की नाही यावर घरोघरी भांडणं आहेत. २००३ मध्ये मॅरिको कंपनीच्या संशोधकांचा, रेळे आणि मोहिले यांचा अभ्यास छापून आला होता, त्यात धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसातलं प्रथिन निघून जाणं कमी करतं असं दिसलं, सूर्यफुलाच्या आणि मिनरल तेलानं तसं झालं नाही. कंपनी स्वतःच खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनही मला तो पटतो, कारण खोबरेलाचे रेणू केसात शिरतात. पण त्यासाठी दोन चमचे तेल पुरतं, मुख्यतः लांबीला, तासभर किंवा रात्रभर. थबथबलेलं तेल निघत नाही, त्यावर धूळ बसते, आणि मग आपण डबल शाम्पू ओततो. जास्त झालंच असेल तर धुण्याआधी बेसन पाण्यात कालवून लावा, ते तेल ओढतं, पण नीट धुवा, बेसन अडकून राहिलं की तोच पांढरा मळ.

शिकेकाई लावून केस खराब झाले म्हणणाऱ्या बहुतेकींनी तयार पावडर पाण्यात कालवून थेट डोक्यावर थापलेली असते. ती पावडर म्हणजे वाटलेली साल, ती विरघळत नाही, केसांत राहते आणि वाळल्यावर कोंड्यासारखी झडते. इतवारीच्या बाजारात आख्ख्या शेंगा मिळतात त्या आणा. आठ-दहा शेंगा फोडून बिया काढा, चार-पाच रिठे बी काढून, आवळकाठीचे काही तुकडे, रात्री लिटरभर पाण्यात भिजवा, आणि भिजवायला शक्य तर आरओचंच पाणी घ्या. सकाळी मंद आचेवर पाणी पाऊण होईपर्यंत उकळा, थंड झालं की हातानं कुस्करा, बुळबुळीत फेस सुटेल, मग जुन्या सुती साडीच्या दुहेरी फडक्यातून पिळून गाळा. चहाच्या गाळणीनं भागत नाही, बारीक चोथा खाली उतरतोच. डोळे घट्ट मिटा, रिठा डोळ्यात गेला तर फार झोंबतो, लहान मुलांना तर लावूच नका. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नये. याला शाम्पूएवढा फेस नसतो, म्हणून आदल्या रात्री तेल कमी. संत्र्यांच्या हंगामात वाळवलेल्या सालीची पावडर डोक्याला लावायची फॅशन आहे आपल्याकडे, तिचाही चोथा तसाच अडकतो, मला ती केसांसाठी पटत नाही.

केस कोरडे राहत असतील तर जवस आपल्याकडे घरातच असतो. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळा, दाट लसलशीत झालं की गरम असतानाच गाळा, थंड झालं की गाळलं जात नाही. ओल्या केसांच्या टोकांना थोडं लावा. रोज थरावर थर नको.

उन्हाळा

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि गच्चीवरची काळी टाकी दुपारभर तापून नळाला हात लावता येत नाही असं पाणी येतं. या पाण्यानं डोकं धुऊ नका, त्वचा कोरडी पडते, खाज सुटते. पहाटे धुवा, किंवा सकाळीच बादली भरून सावलीत ठेवा. बोअरची पातळी खाली गेली की पाणी बहुधा आणखी जड होतं, टँकर सुरू होतात, म्हणून थर काढणारं धुणं एप्रिल-मेमध्ये चुकवू नका. गाडीवर दुपट्टा बांधता तो रोज धुवा, हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर तेही. आणि ओले केस दुपट्ट्यात बांधून निघू नका, दमट डोक्यावर वास आणि खाज दोन्ही वाढतात.

पाणी बदलूनही जात नसेल तर

मग तो खरा कोंडा असू शकतो. साबणाचा चिकटा राखाडी, मऊ, कंगव्याला लागणारा. कोंडा पांढरा-पिवळसर, पापुद्र्याचा, खाजेसोबत, आणि बरेचदा भुवया, नाकाच्या कडा, कानामागेही दिसतो. तो मॅलेसेझिया नावाच्या यीस्टमुळे वाढतो, हे यीस्ट त्वचेवरच्या तेलावर जगतं, म्हणून कोंड्यावर रात्रभर तेल ठेवणं म्हणजे त्याला खाऊ घालणं आहे. केटोकोनाझोल २ टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे, आणि लावल्यावर तीन ते पाच मिनिटं डोक्यावर राहू द्यायचा. लोक लावतात आणि लगेच धुतात, मग म्हणतात औषध लागू पडत नाही. कोंडा गेल्यावरही एक-दोन आठवड्यांतून एकदा तो लावत राहिलं तर परतायला वेळ लागतो. गर्भारपणात किंवा बाळासाठी मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

केस गळून राहिलेत ही तक्रार वेगळी. गळालेला केस उजेडात धरा. टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून आलाय, नसेल आणि आखूड असेल तर मध्येच तुटलाय. तुटणं पाण्यानं, गुंत्यानं, ओले केस ओढून विंचरल्यानं होतं आणि वरच्या उपायांनी कमी होतं, फक्त खराब झालेली टोकं सुधारत नाहीत, ती कापावी लागतात, केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात म्हणजे धीर लागतो. मुळापासून दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणं नॉर्मल आहे. डेंगी, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनी ओंजळीनं केस जातात, त्यात पाण्याचा दोष नाही आणि बहुतेकांचे ते परत येतात. तसं काही झालेलं नसताना भांग रुंद होत चालला असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायला सांगा, तेल बदलून ते भरून निघत नाही.

नाण्याएवढा गोल चट्टा पडून केस गेले, म्हणजे चाई, किंवा डोक्यावर पू, खपल्या, लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटून खवले असलेला डाग, यातलं काही दिसलं तर घरचा एकही उपाय नको, चट्ट्यावर कांदा-लसूण चोळून कातडी भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठा, खाजगीत परवडत नसेल तर मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या दोन्ही सरकारी दवाखान्यांत त्वचारोगाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, केसपेपरला रांग असते, आणि जाताना आधी लावलेल्या सगळ्या तेल-शाम्पू-मलमांचे मोबाइलमध्ये फोटो काढून न्या.